खामगावच्या गाठी आणि डेबियनचे दप्तर
१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा बुलढाणा मुलखातील कापूस गाठी बांधून मुंबईमार्गे विलायतेस रवाना करण्याच्या उद्योगास जी गती आली, तिचे स्मरण इयन मर्डॉक यांनी १९९३ साली स्थापिलेल्या डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीची, आज्ञावल्या गठ्ठ्यांत बांधून पाठवण्याची व्यवस्था पाहताना मला होते. तेथे एखादे मुक्त प्लगइन संग्रहात आणू पाहणाऱ्या नवख्याने प्रथम आपला मनोदय जाहीर करावा, ते कोणकोणत्या घटकांवर अवलंबून आहे त्याची यादी, परवाना व बदलांची नोंद दप्तरी रुजू करावी, आणि स्वतःस दाखल करण्याचा अखत्यार नसल्यामुळे एखाद्या अधिकृत विकासकाची जामीनकी मिळवावी, असा दंडक आहे. त्यानंतरही संग्रहाचे कारभारी नवा माल रांगेत तिष्ठत ठेवून त्याचा परवाना बारकाईने तपासतात. परवान्यात खोट आढळली की गठ्ठा परत येतो, आणि ते मला रास्तच वाटते.