‘मॅक’ आडनावांचे नॉर्स मूळ

१८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे मेकॉले आणि १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे रॅम्से मॅक्डोनल्ड ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. या दोन्ही आडनावांचा धागा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपर्यंत जातो. नवव्या शतकात नॉर्वेचे दर्यावर्दी तेथे स्थायिक झाले व स्थानिक गेल लोकांशी त्यांच्या सोयरिकी जुळल्या. या मिश्र समाजाला आयरिश बखरकारांनी ‘परके गेल’ म्हटले.

१०७९ मध्ये गॉड्रेड क्रोव्हन याने मॅन बेट जिंकून राजवंश स्थापिला. त्याला आव्हान दिले ते त्याच घराण्याचा जावई असलेल्या सॉमरलेड याने. ११५६ च्या आरमारी लढाईनंतर बेटांची वाटणी झाली. दोन वर्षांनी मॅनही त्याच्या हाती आले. ११६४ मध्ये रेनफ्र्यू येथे स्कॉटिश राजाविरुद्धच्या मोहिमेत तो मारला गेला. त्याचे नाव नॉर्स भाषेतले असून त्याचा अर्थ ‘उन्हाळी प्रवासी’, म्हणजे उन्हाळ्यात स्वारीला निघणारा. पुत्र डूगल याच्यापासून मॅक्डूगल आणि नातू डोनल्ड याच्यापासून मॅक्डोनल्ड ही कुळे निघाली.

‘मॅक’ म्हणजे पुत्र. आरंभी ही ओळख आपल्याकडील मधल्या नावाप्रमाणे पिढीगणिक बदलत असे. पुढे एखाद्या पराक्रमी पूर्वजाचे नावच कायम झाले. मॅक्लाउडमधील ल्योट, मॅकायव्हरमधील ईव्हार व लुईस बेटावरील मॅकॉलेंमधील ओलाफ ही निव्वळ नॉर्स नावे होत. लॅमंट हे आडनाव तर ‘कायदेपंडित’ या नॉर्स पदावरून आले.

१२६६ च्या पर्थ तहान्वये नॉर्वेने ४००० मार्क व वार्षिक १०० मार्क घेऊन ही बेटे स्कॉटलंडला दिली. तरी मॅक्डोनल्ड प्रमुख ‘बेटांचे अधिपती’ म्हणून जवळजवळ स्वतंत्रच वागत. त्यांच्या भाटांनी सॉमरलेडचे मूळ प्राचीन आयरिश राजांशी जोडले. (वंशावळी लिहिणारे सगळीकडे सारखेच!) मात्र अलीकडच्या जनुकीय चाचण्यांत या कुळाच्या प्रमुखांच्या पितृवंशाची खूण नॉर्स वळणाची निघाली.

१४९३ मध्ये स्कॉटिश राजसत्तेने हे अधिपत्य खालसा केले. तो किताब आज ब्रिटिश युवराज विल्यम यांच्याकडे आहे.