पोल्ट्री शेड व शेणखड्ड्यातील विषारी वायू : मेटल ऑक्साइड सेन्सरचा वापर आणि मर्यादा

पोल्ट्री शेडमधील अमोनिया, तसेच शेणस्लरी व गोबरगॅस टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हे वायू कोंबड्यांना, जनावरांना आणि माणसांनाही घातक आहेत. नाकाला वासाची सवय होत असल्याने केवळ वासावर अवलंबून राहू नये. बाजारात मिळणाऱ्या कमी खर्चाच्या वायूमापकांमध्ये बहुतेक वेळा मेटल ऑक्साइड सेन्सर असतो. तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अजिबात चालत नाही, हे समजून घेऊनच वापरावा.

सेन्सर कसे काम करतो?

या सेन्सरमध्ये टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा थर असतो. आतील हीटरने तो साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापतो. हवेतील ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे थराचा विद्युत रोध वाढतो. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड आल्यास त्याची या ऑक्सिजनशी क्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. या फरकावरून वायूचे प्रमाण काढले जाते.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा १० लाखावा भाग. कण काही नॅनोमीटर इतके बारीक केल्यास तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी वाढतो. त्यामुळे वायूचे कमी प्रमाणही ओळखता येते.

पोल्ट्री शेडमध्ये वापर

- अमोनिया २५ पीपीएमपेक्षा कमी ठेवावा. त्यापुढे कोंबड्यांच्या श्वासनलिकेला इजा होते व श्वसनाचे आजार बळावतात. प्रमाण आणखी वाढल्यास डोळे सुजतात, वाढ मंदावते.
- सेन्सर पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर लावावा. पंखा व पाण्याच्या भांड्याजवळ लावू नये.
- नवीन सेन्सर वापरापूर्वी २४ ते ४८ तास चालू ठेवावा.
- जंतुनाशक फवारणी किंवा फॉर्मेलिनची धुरी देताना सेन्सर काढून ठेवावा. सिलिकॉनयुक्त स्प्रेमुळे तो कायमचा निकामी होऊ शकतो.
- पावसाळ्यात आर्द्रतेमुळे आकडा चुकतो. अधूनमधून रंग बदलणाऱ्या वायूमापक नळीने पडताळणी करावी.
- हा सेन्सर एकाच वायूला ओळखत नाही. अल्कोहोल किंवा धुरामुळेही आकडा वाढतो. त्यामुळे नेमक्या आकड्यापेक्षा सकाळ-संध्याकाळच्या नोंदींतील चढ-उतार पाहावा.

आकडा वाढल्यास पडदे उघडून हवा खेळती करावी, ओले लिटर काढावे, उरलेले वरखाली करावे व गळकी निपल दुरुस्त करावीत. पक्षी असताना लिटरमध्ये चुना मिसळू नये. अल्कधर्मिता वाढून अमोनिया अधिक सुटतो.

विहीर, शेणखड्डा, गोबरगॅस टाकी : येथे या सेन्सरवर विसंबू नये

सेन्सरची क्रियाच हवेतील ऑक्सिजनवर चालते. बंदिस्त जागेत ऑक्सिजन कमी असल्यास आकडा चुकीचा येतो. ऑक्सिजन किती आहे हे तो सांगत नाही, तसेच विहिरीत साचणारा कार्बन डायऑक्साइडही खात्रीने ओळखत नाही. आकडा शून्य म्हणजे हवा सुरक्षित, असे समजणे जिवावर बेतू शकते.

हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण साधारण १०० पीपीएमवर गेल्यास नाक बधिर होऊन सडक्या अंड्यासारखा वास येणेच थांबते. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धतही पुरेशी नाही. हायड्रोजन सल्फाइड असूनही दिवा जळत राहू शकतो आणि मिथेन असल्यास स्फोट होऊ शकतो.

उतरणे अटळ असेल तर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड मोजणारे चार वायूंचे प्रमाणित यंत्र दोरीने खाली सोडून तपासावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास उतरू नये. ब्लोअरने हवा सोडावी, कमरेला दोर बांधावा आणि वर किमान दोन माणसे ठेवावीत.

आत कोणी बेशुद्ध पडल्यास मागोमाग उतरू नये. अशा वेळी वाचवायला गेलेलाही दगावतो. बाहेरून हवा सोडावी आणि ताबडतोब ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.