निखाऱ्यावरची भरली मिरची आणि तिच्यावरचे दोन खटले

धानाची मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत आंगणाआंगणांत शेकोट्या पेटतात. चंद्रपूर असो की गडचिरोली, रात्री नाटकाला निघण्याआधी त्या निखाऱ्यांवर काही ना काही भाजले जातेच. माझी आवड भरल्या मिरचीची. जाड सालीच्या मिरचीला उभी चीर द्यायची, आत जवसाचे किंवा शेंगदाण्याचे कूट, भाजलेले बेसन, लसूण, जिरे, मीठ आणि थोडे लिंबू भरायचे, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि साल काळपट होईपर्यंत भाजायची. जेवणाआधी तोंडात टाकायला यासारखे दुसरे काही नाही. हे मत डॉक्टरचे नव्हे, खाणाऱ्याचे.

अशा वेळी कुणीतरी हमखास विचारतो, "डॉक्टर, तुम्हीसुद्धा मिरची खाता? अल्सर नाही का होत?" हा प्रश्न जुना आहे. मिरचीवर वैद्यकशास्त्राने एक नव्हे, दोन मोठे आरोप ठेवले होते. दुसरा आरोप आपल्या दोन जिल्ह्यांसाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून तुम्हाला ही गोष्ट सांगतो.

आधी थोडी ओळख. आपल्याला मिरची अस्सल गावरान वाटते, पण ती पाहुणी आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिखटासाठी सुंठ, मिरे आणि पिंपळी भेटतात, मिरची नाही. तिचे नावसुद्धा मिऱ्यावरून पडलेले. मूळ घर अमेरिका खंडात. कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीत चांका नावाचा एक स्पॅनिश डॉक्टर होता. तिथले लोक जेवणात हा तिखट मसाला घालतात, असे त्याने पत्रात लिहून ठेवले. (म्हणजे मिरचीची दखल घेणाऱ्या पहिल्या युरोपियनांत आमच्याच धंद्यातला माणूस होता!) पुढे पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू आत शिरली. आज नागपूरहून नागभीडकडे येताना लागणाऱ्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांच्या हातांची आग मी दवाखान्यात पाहिली आहे. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी तेल चोळावे आणि मग साबणाने हात धुवावेत. तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे.

आता पहिला खटला. तिखटाने पोटात अल्सर होतो, असे डॉक्टरही पिढ्यानपिढ्या सांगत आले. १९८८ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड ग्रॅहम यांनी निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे जेवण दिले आणि दुर्बिणीने पोट आतून पाहिले. झणझणीत जेवणाने अस्तराला म्हणावी अशी इजा दिसली नाही. साध्या, अळणी जेवणासोबत ॲस्पिरिन दिले तेव्हा मात्र जवळजवळ सगळ्यांच्या पोटात जखमा दिसल्या. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी अल्सरमागचा जिवाणू शोधला. मार्शल तर स्वतःच ते जंतू प्यायले! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. म्हणजे अल्सरचे मुख्य गुन्हेगार ठरले हेलिकोबॅक्टर जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. ज्यांना छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा मूळव्याधीचा त्रास आहे, त्यांना तिखटाने त्रास वाढू शकतो, हे खरे. पण मिरची सोडून गुडघ्यासाठी रोज दुकानातून गोळी आणून खाणारा रुग्ण मला दर आठवड्याला भेटतो.

दुसरा खटला तोंडाचा. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी तोच आजार नोंदवला. तोंडाचे अस्तर पांढरट आणि कडक होते, तोंड उघडेनासे होते. आज आपण त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. रुग्ण भारतीय आणि तक्रार तिखट झोंबण्याची, तेव्हा संशय मिरचीवर जाणारच. मुंबईत डॉ. सत्यवती सिरसाट आणि भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत खानोलकर यांनी १९६० साली उंदरांवर प्रयोग केला. आधी आहारात बदल केलेल्या उंदरांच्या टाळूला कॅप्सेसिन लावले, तर तिथे तंतुमय बदल दिसले. आरोप पक्का झाल्यासारखा वाटला.

पण एक शंका उरत होती. मिरचीचे माहेर मेक्सिको. तिथे लोक आपल्यासारखेच तिखट खातात, मग हा आजार तिथे का दिसत नाही? पुढे एकेक पुरावा सुपारीकडे बोट दाखवू लागला. सुपारीतले अरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावते आणि अस्तर चिवट दोरीसारखे होते. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या तज्ज्ञांनी सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला, तंबाखूशिवायसुद्धा.

आणि आपल्याकडे काय मिळते? खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी खर्रा पानठेल्यावर आहेच. शाळकरी पोरांच्या खिशातही तो मला सापडला आहे.

गंमत अशी की मिरची आरोपी नव्हती, साक्षीदार होती. आपल्या नसांवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते. ते साधारण ४३ अंशांना जागे होते आणि कॅप्सेसिननेही जागे होते. डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ साली शोधले आणि त्यासाठी त्यांना २०२१चे नोबेल मिळाले. म्हणून निखाऱ्यावरून उचललेली गरम मिरची थंड मिरचीपेक्षा जास्त झोंबते. अस्तर बिघडले की हीच जाणीव अतोनात वाढते. तोंड बंद होण्याच्या कितीतरी आधी तिखट सहन होईनासे होते.

तेव्हा या हिवाळ्यात आंगणात मिरच्या भाजाल तेव्हा त्यातला पांढरा गाभा काढून टाका. खरे तिखट बियांत नाही, त्या गाभ्यात असते. जळून कोळसा झालेली साल सोलून टाका. आणि ताटाभोवती बसलेल्यांकडे जरा बघा. कालपरवापर्यंत ठेचा खाणारा पोरगा आता साधी भाजीसुद्धा "झोंबते" म्हणून बाजूला सारत असेल, तर त्याला चिडवू नका. त्याला तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटे, एकावर एक उभी, दातांमध्ये जातात का पाहा. दोनच जात असतील किंवा गालाच्या आत पांढरट, ताणलेले पट्टे दिसत असतील, तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात घेऊन जा. तीन बोटे गेली तरी आग होत असेल तर दाखवाच. कडक झालेले अस्तर पूर्ववत होणे कठीण असते. केरळमधल्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता. खर्रा मात्र त्याच दिवशी बंद करता येतो, आणि तो जितक्या लवकर सुटेल तितके तोंड उघडे राहते. सोबत जाताना त्याच्या खिशातली पुडीही घेऊन या. तो दिवसाला किती खातो, हे विचारण्यापेक्षा पुडी पाहून मला जास्त कळते.