वेशीवरचा पहारा: थिवीच्या खंदकापासून पत्रादेवीपर्यंत

पेडणे आणि डिचोली 18व्या शतकाच्या अखेरपर्यंत पोर्तुगीज गोव्याच्या बाहेर, सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होते. पोर्तुगिजांची उत्तर सीमा बार्देशला संपत असे. बार्देशला उत्तरेकडून शापोरा नदी, दक्षिणेकडून मांडवी आणि पूर्वेच्या अंगाला म्हापशाची नदी. कच्चा दुवा ईशान्येचा. तिथे दोन नद्यांच्या मधून कोरड्या जमिनीवरून सरळ आत येता येई. ही फट बुजवण्यासाठी 17व्या शतकात कोलवाळ आणि थिवी येथे किल्ले उभे राहिले आणि त्यांना जोडणारा खंदक खणला गेला.

घुसखोर आल्यास घंटा वाजवणारे आजचे कुंपण बसवणारे तंत्रज्ञ चाचणी म्हणून मुद्दाम त्यावर चढून, तारेला हिसका देऊन पाहतात आणि वारा-पावसाने खोटी घंटा वाजत नाही ना, तेही तपासतात. थिवीच्या खंदकाची चाचणी मात्र शत्रूनेच घेतली. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा बार्देशात शिरल्या, आणि पोर्तुगीज वाचले ते मोगल फौज कोकणात उतरली म्हणून. खंदकाला त्याचे श्रेय देता येत नाही. 1739 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देशचा बहुतेक भाग जिंकला. तो परत मिळवायला पोर्तुगिजांना 1741 उजाडले.

यावर पोर्तुगिजांनी काढलेला उपाय होता सीमाच पुढे सरकवण्याचा. 1746 मध्ये शापोऱ्याच्या काठचा हळर्ण किल्ला पडला आणि व्हाइसरॉयला त्याच नावाची पदवी, मार्क्विस ऑफ अलोर्ना, मिळाली. त्याच वर्षी तेरेखोलही हाती आला. डिचोली 1780च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 मध्ये नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी नव्याने मिळवलेल्या मुलखात, सामील झाले. थिवीचा खंदक आता घराच्या आत राहिला. नवी सीमा मात्र जुन्या सीमेपेक्षा लांब आणि डोंगरी होती. तेरेखोल किल्ला तर नदीपलीकडे, सावंतवाडीच्या जमिनीला चिकटलेला. त्याची रसद होडीने जाई.

19व्या शतकात या सीमेवर लढाईपेक्षा जकात महत्त्वाची ठरली. 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा या दोन्ही मुलखांत सामाईक जकात सुरू झाली आणि गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. पेडण्यातील आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या प्रदेशाला हे जाचक होते. 1892 मध्ये करार संपला आणि सीमेवर जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली.

15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या सत्याग्रहींनी तेरेखोलवर तिरंगा फडकवला. वर्षभराने, 15 ऑगस्ट 1955 रोजी, पेडण्यातील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल यांच्यासह अनेक जण हुतात्मे झाले. त्यांचे स्मारक तिथे आहे. यानंतर भारताने सीमा बंद केली. आता पलीकडूनही पहारा होता.

डिसेंबर 1961 मधील भारतीय लष्करी कारवाईविरुद्धच्या पोर्तुगीज बचावाची आखणी या साऱ्या इतिहासाला धरूनच होती. सीमेवरच्या चौक्यांनी खबर द्यायची आणि मागे सरायचे. वाटेतले पूल उडवून, सुरुंग पेरून शत्रूचा वेग तोडायचा. 18 डिसेंबरच्या पहाटे कोलवाळचा शापोऱ्यावरचा पूल आणि अस्नोड्याचा पूल उडवण्यात आले. म्हणजे घाईघाईत पुन्हा 17व्या शतकाचीच संरक्षणरेषा वापरात आली! चौक्यांनी खबर वेळेवर दिली, पण तिला उत्तर द्यायला मागे पुरेसे बळ नव्हते. 19 डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

सीमा पुसली गेली, नाके उरले. गोव्यातली स्वस्त दारू बाहेर जाऊ नये म्हणून महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क खाते पत्रादेवीपलीकडे, बांद्याजवळच्या इन्सुलीत, गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तपासते.