स्वतःचा आवाज : शांता आपटे

पडद्यावरील स्त्रीकडे पाहण्यास लोक नेहमींच उत्सुक असतात. तिचें म्हणणें ऐकून घेण्याची तयारी मात्र क्वचितच आढळते. बोलपटाच्या आरंभींच्या काळांत महाराष्ट्रांत अशी एक अभिनेत्री होऊन गेली कीं, जिनें आपला आवाज केवळ गाण्यापुरता वापरला नाहीं. त्या अभिनेत्रीचें नांव शांता आपटे. त्या आवाजाची किंमत कळावयास हवी असेल, तर त्यापूर्वीं स्त्रीच्या तोंडचे शब्द कोण बोलत असे हें आधीं पाहिलें पाहिजे.

१८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' हें नाटक रंगभूमीवर आलें. पैशाच्या लोभानें कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधूं पाहणाऱ्या बापाची ती कथा. तिनें समाजाचें मन हालविलें यांत शंका नाहीं. परंतु शारदेची सुटका होते ती कशानें? वधू आणि वर सगोत्र आहेत ही गोष्ट उघडकीस येते म्हणून. शास्त्राची ती अडचण नसती तर शारदेच्या अश्रूंनीं तें लग्न मोडलें नसतें. शिवाय ते अश्रू ढाळणारी व्यक्ति स्त्री नव्हतीच. कुलीन स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल टाकणें त्या काळीं निषिद्ध असल्यामुळें शारदेची भूमिका पुरुषच करीत. स्त्रीचें दुःख पुरुषानें लिहावें, पुरुषानें बोलावें आणि शास्त्रानें तें निवारावें, अशी ती रीत होती.

चित्रपटसृष्टीचा आरंभहि याच रीतीनें झाला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झाले अण्णा साळुंके. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुरां'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं ही अट मोडली. पण चित्रपट अजून मुका होता. १९३१ सालीं 'आलमआरा' निघाला आणि चित्रपटाला वाणी आली. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या मराठी बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. तेव्हां प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्री या व्यवसायांत आल्याबद्दल पुष्कळांनीं भुवया चढविल्या. आरंभींच्या बोलपटांत नटीला उसना आवाज मिळत नसे. जिचा चेहरा दिसे, तिनेंच बोलावें आणि तिनेंच गावें, असा तो काळ होता.

अशा वेळीं शांताबाई पडद्यावर आल्या. त्यांचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी गांवचा. पंढरपूर येथील महाराष्ट्र संगीत विद्यालयांत त्यांनीं गाण्याचे धडे घेतले. वडील बंधू बाबूराव यांची शिस्त कडक होती. लहानपणीं गणेशोत्सवांच्या मंडपांतून गाऊन त्यांचा आवाज धीट झाला होता. १९३२ सालीं भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटांत त्यांना राधेची भूमिका मिळाली. कृष्ण झाले होते शाहू मोडक. हा बोलपट मुंबईस पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला.

१९३३ सालीं प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली. तेथें तयार झालेल्या 'अमृतमंथन' या १९३४ सालच्या बोलपटांत शांताबाईंची निवड झाली. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांना शब्दांचा अर्थ बुडवून तानांचा पाऊस पाडणारें गाणें नको होतें. भाव बोलणारें गाणें हवें होतें. शांताबाई त्या कामाला अगदीं योग्य ठरल्या. तोंवर गाणें सुरू झालें कीं नट एका जागीं खांबासारखे उभे राहत. शांताबाई मात्र गातांना हात, मान आणि डोळे यांनीं बोलत असत. 'अमरज्योति' या १९३६ सालच्या बोलपटांतहि हें दिसून आलें. पण त्यांचें नांव घरोघरीं नेलें तें 'कुंकू'नें.

'कुंकू' १९३७ सालीं निघाला. 'दुनिया न माने' हें त्याचें हिंदी रूप. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. पोरक्या नीरेचें लग्न तिचा मामा काकासाहेब नांवाच्या वृद्ध विधुर वकिलाशीं लावून देतो. काकासाहेबांचें काम केशवराव दाते यांनीं केलें. पुढची कथा मात्र शारदेच्या वाटेनें जात नाहीं. लग्न लागून चुकलेलें आहे. सगोत्राची अडचण धांवून येत नाहीं. नीरा उभी राहते आणि हें लग्न आपणांस मान्य नाहीं असें स्वतः सांगते. त्याच घरांत राहून ती त्या वृद्धाची पत्नी होण्याचें नाकारते. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी तिचा पक्ष घेते. हें काम शकुंतला परांजपे यांनीं केलें. शेवटीं काकासाहेबांनाच आपला अन्याय उमगतो आणि तो त्यांना जगूं देत नाहीं.

या बोलपटांत ध्वनीची योजना मोठ्या विचारानें केली होती. पडद्यामागून वाजणारें पार्श्वसंगीत त्यांत नाहीं. प्रसंगांत प्रत्यक्ष जें वाजतें तेंच ऐकूं येतें. काकासाहेबांचें जुनें घड्याळ टिकटिकतें आणि नीरा ग्रामोफोनच्या साथीनें गाते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताहि शांताबाईंनीं त्यांत गाइली. आधाराला वाद्यांचा गजर नसल्यामुळें नटीचा आवाज प्रेक्षकांपुढें उघडा राहिला आणि तो खराहि ठरला.

त्या आवाजाची गरज कां होती, हें कायद्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. १९२९ सालचा बालविवाहनिर्बंध कायदा, लोकांच्या तोंडचा 'सारडा कायदा', आला तेव्हां मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरलें. परंतु वराचें वय फार झालें आहे, अशी हरकत त्या कायद्याला घेतां येत नव्हती. चौदा वर्षांची वधू आणि साठीचा वर हें लग्न कायद्याच्या दृष्टीनें निर्दोषच होतें. जेथें कायद्याचा हात पोहोंचत नव्हता, तेथें मुलीचा नकार हाच एक उपाय उरत होता. आणि तो नकार 'कुंकू'नें शेंकडों प्रेक्षकांच्या देखत उच्चारला.

दोनच वर्षांनीं तशी वेळ नटीवरच आली. १९३८ सालच्या 'गोपाळकृष्णां'त राधेचें काम केल्यानंतर, करार आणि वेतन यांवरून शांताबाईंचा प्रभात कंपनीशीं बेबनाव झाला. त्या काळीं कलावंत मासिक पगारावर कंपनीशीं बांधलेले असत आणि करार असेतोंवर त्यांना इतरत्र काम करतां येत नसे. १९३९ सालीं शांताबाई कंपनीच्या फाटकाशीं जाऊन बसल्या आणि त्यांनीं उपोषण आरंभिलें. या बातमीनें सगळीकडे खळबळ उडाली. कंपनीची बाजूहि अगदींच पोकळ नव्हती. नट घडविण्यास तिनें पैसा आणि श्रम वेंचले होते, आणि करार कोणीहि केव्हांहि मोडूं लागला तर धंदा चालावयाचा कसा, हा प्रश्न खोटा नव्हता. पण ज्या कंपनीनें नीरेचा नकार पडद्यावर गौरविला, तिच्याच दाराशीं नीरा झालेली स्त्री उपाशी बसली, ही घटना विचार करावयास लावणारी होती. यानंतर शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या.

१९४० सालीं त्यांनीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. सिनेमांत जाऊं इच्छिणाऱ्या मुलींना पडणारा प्रश्नच त्यांनीं पुस्तकाच्या नांवांत घेतला. पडद्यावरच्या झगमगाटामागें शरीर थकविणारे श्रम असतात आणि त्या श्रमांच्या फळांवर हक्क दुसऱ्याचाच असतो, हें त्यांनीं उघडपणें मांडलें. आठवणींच्या आणि कौतुकाच्या गोष्टी सांगणारीं नटांचीं पुस्तकें पुढें पुष्कळ निघालीं. पण भर उमेदीच्या काळांत आपल्या धंद्याचा असा हिशेब मांडणारी नटी विरळाच.

पुढें त्यांनीं कोणा एका कंपनीचा आश्रय धरला नाहीं. तामिळ शिकून १९४१ सालच्या तामिळ 'सावित्री'त त्या नायिका झाल्या. त्याच बोलपटांत एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. १९४२ सालीं लाहोरास तयार झालेल्या 'जमीनदार'मध्यें त्यांनीं काम केलें. १९४३ सालच्या 'दुहाई'त त्यांच्यासमवेत नूरजहाँ होत्या. परंतु काळ पालटत होता. गाणें एकीनें गावें आणि ओठ दुसरीनें हालवावे, ही पद्धत रूढ झाली. १९४९ सालच्या 'स्वयंसिद्धा'नंतर शांताबाईंना त्यांच्या तोलाच्या भूमिका फारशा लाभल्या नाहींत. २४ फेब्रुवारी १९६४ रोजीं मुंबईस अंधेरी येथें त्यांचें निधन झालें. वय अवघें सत्तेचाळीस. त्यांच्या कन्या नयना आपटे पुढें मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर नांवारूपास आल्या.

प्रभात कंपनीहि १९५३ सालीं बंद पडली. तिच्या आवारांत १९६० सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज तेथें मुली दिग्दर्शन आणि ध्वनिमुद्रण शिकतात. शारदेला शास्त्रानें सोडविलें; नीरेनें स्वतःला सोडविण्याची हिंमत दाखविली; आणि शांताबाईंनीं, लिहून दिलेलें संभाषण संपल्यावरहि, तोच नकार स्वतःच्या शब्दांत उच्चारला. 'कुंकू' पाहतांना नीरेच्या गोड गळ्याचें कौतुक सहज होतें. पण त्याच गळ्यानें फाटकाशीं बसून मागितलेला न्याय जो विसरला, त्यानें शांताबाईंचें गाणें अर्धेंच ऐकलें असें म्हटलें पाहिजे.