पंचा, गमछा आणि सोलापुरी टॉवेल

भिलाईच्या सुपेला भागात उन्हाळ्यात गमछा डोक्याला बांधतात, घामही त्यानेच पुसतात. गमछा पातळ; जाड, फाशांच्या टॉवेलचा माग काढायचा तर मात्र सोलापूर गाठावे लागते.

1877 मध्ये तिथे कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग, मग यंत्रमाग चालवले आणि चादरीच्या जोडीला टर्किश टॉवेलही विणला. फाशांची मूळ युक्ती तुर्कस्तानातल्या बुर्साची. हेन्री क्रिस्टी या इंग्रजाने ती तिथे पाहिली. 1851 च्या लंडन प्रदर्शनात मागावर विणलेले असे टॉवेल मांडले गेले. एक ताणा घट्ट, दुसरा सैल ठेवायचा. सैल ताण्याचे फासे वर उठतात आणि तेच पाणी टिपतात. सोलापुरी चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि ते रास्तच आहे.

फासे जपायचे तर सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर सुतावर बसतो, मग टॉवेल पाणी टिपेनासा होतो. झटकून उन्हात वाळवणे पुरते.

तरीही पर्यावरणाच्या हिशेबात या टॉवेलपेक्षा गमछ्यासारखा साधा सुती पंचा सरस ठरतो. सूत कमी लागते, धुवायला पाणी थोडे, वाळायला वेळही थोडा. जीर्ण झाल्यावर घरोघरी त्याचेच फडके होते.