कारवानी कुत्रा : कुळ कोणते, काम कोणते?



धान लोंबीवर आला आणि रात्री डुकरांनी बांधी तुडवली, की सकाळी धुऱ्यावर कोणी ना कोणी सांगतोच, "एक कारवानी आणून बांध ना बाप्पा!" सांगणाऱ्याचे काय जाते? पिल्लाचे पैसे मोजायचे ते तुम्हाला. म्हणून आधी या कुत्र्याची कुळकथा ऐका.

लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड. पश्चिम आशियातल्या सालुकी कुत्र्याशी त्याचे रूप फार जुळते. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनेत आले असे मानतात. तांड्याला तिकडे कारवान म्हणत, त्यावरून हे नाव. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. अंगभर आखूड केस तो कारवान. कानाशेपटीला केसांची झालर असली तर पश्मी.

दक्षिणेला याच बांध्याच्या कुत्र्याला मुधोळी म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान, आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. बेडर शिकाऱ्यांजवळची चपळ कुत्री पाहून राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांच्या पैदाशीला हात घातला. विलायतेला गेले तेव्हा पंचम जॉर्ज बादशहांना त्यांनी एक जोडी भेट दिली, असे सांगतात. २००५ साली मुधोळीचे टपाल तिकीट निघाले, तर २०१६ साली सैन्याने तिथली पिल्ले मेरठला चाचणीसाठी नेली. कारवानी आणि मुधोळी एक की दोन, यावर पाळणारे अजून भांडतात. भांडोत बिचारे, हाडपेर तर एकच दिसते.

आता कामाचे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात बंदूकवाल्यांनी 'सब कामाचा' कुत्रा घडवला. तो वासावर सावज हुडकतो, दिसले की जागीच थबकून दाखवतो, आणि पाण्यात पडलेला पक्षीही उचलून आणतो. आपला कारवानी तसा नाही. तो नाकापेक्षा डोळ्यावर चालतो. उघड्या माळावर ससा उठला की त्याची धाव पाहावी! पण आपल्याकडे पाहा : इथे बांधी, तिथे बोडी, पलीकडे झुडपी रान. त्याला दूरवर दिसावे काय आणि पळावे कुठे? शिवाय कातडी पातळ. रानडुकराच्या सुळ्यासमोर त्याला घालणे म्हणजे कुत्रा हकनाक गमावणे. जागलीवर भुंकायला गावठी कुत्रा पुरतो, तो उष्ट्या भाकरीवरही राहतो.

आणखी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशा-चितळामागे शिकारीसाठी कुत्रे सोडणे हा गुन्हा आहे. "मी नाही मारला, कुत्र्याने मारला" हे वनखात्यापुढे चालत नाही. आपल्या शेजारीच नागझिऱ्याचे रान. तिथे रानकुत्र्यांचे कळप आहेत, आणि आपल्या कुत्र्यांचे डिस्टेंपर नि पिसाळ हे रोग त्यांना लागू शकतात.

तरीही हौस असेल तर पाळा, नाही कोण म्हणतो? पण त्याला रोज मोकळे पळू द्या, ते रानाकडे नव्हे, गावाकडच्या पडीत. थंडीत अंगाखाली तणीस घाला, कारण अंगावर चरबी नसते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळीची लस टोचून घ्या, डिस्टेंपरच्या लसीचेही तिथेच विचारा. पुढे दरवर्षी पिसाळीची लस द्यायची, ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.